चौथऱ्यावरचं वाफेचं इंजिन पुन्हा चालेल का? आधी त्यातलं पाणी काढा

जळगाव जिल्ह्यातल्या एका तरुण मेकॅनिकल इंजिनिअरने विचारलं आहे: त्यांच्या गावात एका संस्थेच्या आवारात नॅरोगेजचं एक वाफेचं इंजिन वीस-पंचवीस वर्षांपासून चौथऱ्यावर उभं आहे. दर दोन वर्षांनी रंग मारतात, तरी खालून पत्र्याच्या खपल्या सुटतात. गावातल्या काही मंडळींच्या मनात वर्गणी काढून ते पुन्हा चालू करायचं आहे. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

भाऊ, चालू होईल का याचं उत्तर मला इथून देता येणार नाही. इंजिनाजवळ उभं राहूनही पहिल्या दिवशी कोणी देऊ नये. पण सुरुवात कुठून करायची ते नक्की सांगता येतं. मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी भुसावळला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि बॉयलरच्या कामात हात काळे केले. पुढे वाफ गेली, वीज आली. निवृत्तीनंतर चार-पाच ठिकाणी चौथऱ्यावरच्या इंजिनांची डागडुजी करायला बोलावणं आलं. आमचे एक म्हातारे बॉयलरमेकर होते. कुठलंही बंद इंजिन दाखवलं की त्यांचं एकच वाक्य: "पयले पाणी काढ, मंग बोल." तेव्हा आम्ही हसायचो. पुढे ज्या ज्या इंजिनाखाली वाकलो तिथे त्यांचंच खरं निघालं.

लोकांना वाटतं इंजिन म्हातारं होऊन मरतं. तसं नसतं. रोज चालणाऱ्या इंजिनाची राख रोज निघते, वॉशआऊट होतो, म्हणजे बॉयलर आतून धुतला जातो, हालचालीचे भाग तेलात असतात. मरतं ते उभं राहिलेलं इंजिन, आणि ते बाहेरून नाही, आतून मरतं. शेवटच्या फेरीनंतर कोणीतरी आग पाडली, पाणी सोडलं आणि इंजिन ओढून चौथऱ्यावर चढवलं. स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या पुढच्या डब्यात, राख तशीच राहिली. कोळशात गंधक असतं, ते राखेत आणि काजळीत उतरतं. वरून धुराडं उघडंच असतं. जून लागला की पाऊस थेट आत पडतो, राख भिजते आणि सौम्य आम्ल तयार होतं. ते आम्ल स्मोकबॉक्सच्या तळाशी ऑक्टोबरपर्यंत बसून असतं. मग आपलं ऊन ते वाळवतं, पुढच्या जूनला पुन्हा भिजवतं. अशी वीस वर्षं झाली की तळाचा जाड पत्रा हातोडीच्या टोच्याने आरपार जातो. बाहेरून मात्र ताजा काळा रंग, लाल चाकं आणि पंधरा ऑगस्टला हार!

म्हणून रंगाचा डबा घेण्याआधी स्मोकबॉक्सचं दार उघडा. ते सहज उघडणार नाही. मधला दांडा आणि त्यावरची चकती गंजून एक झालेली असते. गॅसने गरम करायची घाई करू नका. रॉकेल आणि पातळ तेल मिसळून चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सोडा, हलक्या हाताने ठोका, मग पाना लावा. आत काय सापडेल? राख, चिमण्यांची घरटी, क्वचित पोळं. दार उघडण्याआधी वरून काठी घालून पाहा. पोळं असेल तर दोन माणसं रुग्णालयात जायला पाच मिनिटं पुरतात, हे मी अनुभवाने सांगतो.

राख कोरडी असतानाच काढा. धुऊन काढू नका. धुतलेली राख बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्यांत आणि सांध्यांत जाते आणि तुम्ही स्वतःच नवं आम्ल बनवून ठेवता. मग भट्टीखालचा राखेचा ट्रे, शेगडीचे दांडे, नळ्यांची आतली बाजू, हीच रीत. नळ्यांतून काठीला गुंडाळलेलं फडकं ओढा. त्यावर काय येतं ते बघितलं तरी बरंच कळतं: काळी भुकटी आली तर ठीक, तांबूस खपल्या आल्या तर नळ्या गेल्यात जमा.

दुसरं पाणी बॉयलरच्या पोटात असतं. भट्टी म्हणजे पेटीत पेटी. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये हाताच्या रुंदीएवढी फट असते आणि खाली ती फाउंडेशन रिंगवर, म्हणजे तळाच्या जाड चौकटीवर, येऊन संपते. इंजिन बंद करताना नळ उघडून पाणी सोडलं तरी या फटीच्या तळाशी गाळ आणि ओल राहतेच. तिथले वॉशआऊट प्लग उघडल्याशिवाय ती जात नाही. एका ठिकाणी मी असा प्लग सोडला, तर कित्येक वर्षं बंद असलेल्या इंजिनातून काळं पाणी बादलीभर निघालं. त्या इंजिनाला नुकताच रंग मारला होता आणि त्याचा खर्च फलकावर लिहिला होता! मी काही बोललो नाही. बादली फलकासमोर नेऊन ठेवली.

तिसरं पाणी टाक्यांत. नॅरोगेजच्या इंजिनाला टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा, असेल तर कोळशाच्या कप्प्याचा तळ बघा. कोळशाचा चुरा आणि पाऊस, गोष्ट तीच. चौथं पाणी दिसत नाही. बॉयलरच्या अंगावर उष्णता जाऊ नये म्हणून भरण असतं आणि त्यावर पातळ पत्र्याचा कोट. पाऊस कोटाच्या सांध्यातून आत जातो आणि भरण भिजलेल्या गोधडीसारखं बॉयलरला चिकटून राहतं. इथे एक धोका आहे, त्याकडे कानाडोळा करू नका. जुन्या इंजिनांत हे भरण बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचं असतं. त्याचे हवेतले बारीक तंतू दिसत नाहीत, वास येत नाही, आणि फुप्फुसाचा रोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. आमच्या काळी आम्ही ते हाताने कालवून लिंपायचो, डबा खाताना अंगावर पांढरी पूड असायची. माझ्याबरोबरच्या काही जणांचं पुढे काय झालं ते मी पाहिलं आहे. तुम्ही कोट उघडू नका. नमुना तपासून घ्या आणि ते काढायचं काम त्याची परवानगी आणि साधनं असलेल्या माणसांकडूनच करून घ्या. कॉलेजच्या पोरांना श्रमदानाला लावून कोट खरवडण्याची कल्पना कोणी काढली तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

जुन्या रंगाचंही तसंच. खालच्या थरात शिसं असतं. कोरडं घासू नका, ओलं करून घासा, तोंडावर चांगला मास्क बांधा, आणि खरवड गोळा करून ठेवा. मातीत झाडून देऊ नका.

आता चौथरा. याबद्दल पुस्तकांत फारसं नसतं, पण खान्देशात अर्धी भानगड इथेच असते. आपली काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर वरवर पाया घालून, चार इंच काँक्रीट ओतून, वर रूळ टाकून कित्येक टनांचं इंजिन ठेवलं की दोन-चार वर्षांत एक बाजू दबते. इंजिन कलतं, पाणी एका कोपऱ्यात जमतं, आणि तिथूनच गंज सुरू होतो. काळी माती खोदून काढायची, खडकापर्यंत किंवा घट्ट मुरुमापर्यंत जायचं, मुरूम थराथराने दाबायचा आणि वर खडीचा थर ठेवायचा. रूळ आणि स्लीपर खडीवर बसवा, काँक्रीटमध्ये पुरू नका. रुळावरचं इंजिन खडीवरच शोभतं, आणि पाणीही निघून जातं. चाकांभोवती सिमेंटचे कठडे करून त्यात झेंडूची झाडं लावणारे सुशोभीकरण तज्ज्ञ सगळीकडे असतात. रोज पाणी घालून ते बिचारे इंजिनाचे पाय कुजवतात.

आणि छप्पर! वर्गणीचा पहिला रुपया छपरावर खर्च करा. साधं पत्र्याचं छप्पर, चारही बाजूंनी उघडं, पावसाची झड आत येणार नाही एवढं पुढे आलेलं. पैसेच नसतील तर धुराड्यावर पत्र्याचं झाकण बसवा, खालून हवा जाईल अशी फट ठेवून. दोनशे रुपयांच्या झाकणाने जे वाचतं ते दोन लाखांच्या रंगाने वाचत नाही. प्लास्टिकच्या ताडपत्रीत मात्र गुंडाळू नका. आत घाम धरतो.

स्प्रिंगवरचा भार कमी करायचा असेल तर फ्रेमखाली लाकडाचे ठोकळे नीट मोजून द्या. एकाच बाजूने जॅक लावून इंजिन उचललं तर फ्रेमला पीळ बसतो. हे काम मोठी जड यंत्रं हलवणाऱ्या माणसाकडून करून घ्या, गॅरेजवाल्याकडून नाही.

एवढं केलं की इंजिन आहे त्या स्थितीत थांबलं. जतन म्हणतात ते हेच, आणि पुष्कळदा इथे थांबणंच शहाणपणाचं असतं. हे मी का म्हणतो ते सांगतो, कारण तुमच्या गावातली मंडळी यावरच वाद घालतील.

जुनं इंजिन ही वस्तू आहेच, पण तो कागदही आहे. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड, क्रॉसहेड, म्हणजे पिस्टनपासून चाकांपर्यंतचे हलणारे भाग, पुसून पाहा. त्यावर इंजिनाचे नंबर ठोकलेले असतात. एकाच इंजिनावर दोन-तीन वेगवेगळे नंबर सापडले तर समजा की शेडमध्ये कधीतरी एकाचा रॉड दुसऱ्याला बसवला. पाचोरा-जामनेरच्या ५६ किलोमीटरच्या अडीच फुटी लाइनीवर किंवा तशाच इतर छोट्या लाइनींवर इंजिनं कमी आणि सुटे भाग त्याहून कमी असायचे. तिथल्या माणसांनी इंजिन कसं जगवलं त्याची गोष्ट त्या नंबरांत, पत्र्यावरच्या ठिगळांत आणि हाताने केलेल्या बोल्टांत आहे. तुम्ही सगळं नवं, चकचकीत केलंत की ती गोष्ट भंगारात जाते.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका इंजिनाचा रंग लवकर निघावा म्हणून आम्ही सँडब्लास्टिंग केलं. दोन दिवसांत पत्रा पांढरा झाला आणि आम्ही खूष. नंतर जुने फोटो मिळाले तेव्हा कळलं की केबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, बाजूला रंगाच्या पाच-सहा थरांखाली मूळ कंपनीची अक्षरं असणार होती. ती आम्ही वाळूने उडवून दिली. पातळ पत्रा वाकडा झाला तो वेगळाच. तेव्हापासून मी रंगाला हात लावण्याआधी तळहाताएवढ्या जागेत बारीक कागदाने एकेक थर उघडतो, झाडाच्या बुंध्यातली वलयं मोजावीत तसा, आणि फोटो काढतो. मगच बाकीचं. कुठला रंग लावायचा हा वाद त्या तुकड्यावर मिटतो. नाहीतर समितीतला प्रत्येक जण आपल्या आवडीचा रंग सांगतो आणि इंजिन बँडवाल्याच्या गाडीसारखं दिसतं.

बांधणाऱ्या कंपनीची पाटी चोरीला गेली असेल (पितळ म्हणजे चोराची लक्ष्मी) तरी नंबर ठोकलेला असतो. त्यावरून मूळ नकाशे शोधता येतात. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीची कागदपत्रं, उदाहरणार्थ, तिथे जपून ठेवलेली आहेत. शिट्टी, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलतो तो), प्रेशर गेज अजून जागेवर असतील तर आजच काढून कुलपात ठेवा आणि जागेवर लाकडी नकला बसवा.

बरं, आता चालवण्याचं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे काय ते आधी लक्षात घ्या. आपल्या मोठ्या लाइनीवरच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी इंजिनांचा दाब चौरस इंचाला २१० पौंड असायचा. त्या दाबाला पाणी सुमारे २०० अंश सेल्सिअसवर पाणीच राहतं. पत्रा फाटला की ते पाणी एका क्षणात वाफ होऊ लागतं, आणि मोकळ्या हवेत एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरपेक्षा जास्त वाफ होते. हा प्रेशर कुकर नाही. वाफ कुठून गळतेय हे दिसलं तर सावध होता येतं. आतून पातळ झालेला पत्रा मात्र काहीच सांगत नाही. तुमचं इंजिन लहान असेल, दाब कमी असेल, पण नियम तोच.

म्हणून बॉयलरची तपासणी हातोडीने आणि यंत्राने, दोन्ही पद्धतींनी होते. अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी चौकटी आखून जागोजाग मोजतात, विशेषतः फाउंडेशन रिंगच्या वर, स्टेच्या आजूबाजूला आणि स्मोकबॉक्सच्या नळ्यांच्या पत्र्याला. स्टे म्हणजे आतल्या-बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणारे शेकडो दांडे. बाहेरून ठोकताना आमचे जुने लोक कानाने सांगायचे, हा तुटलाय. अख्खा स्टे खणखणतो, तुटलेला बसक्या आवाजात बोलतो. मग सगळ्या नळ्या काढून आतून बघायचं. नळ्या तशाही बदलाव्याच लागतात. त्यानंतर बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हवा पूर्ण काढून, नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन बघतात. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी पिचकारी उडते, स्फोट होत नाही. तेही पास झालं तरच आग पेटवायची. नवा लेड प्लग, दोन्ही वॉटर गेज, दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय काडीसुद्धा ओढायची नाही. लेड प्लग म्हणजे भट्टीच्या छतातला शिशाचा बोळा: पाणी खाली गेलं की तो वितळतो, वाफ भट्टीत फुसकारते आणि फायरमनला इशारा मिळतो.

कायद्याचंही बघा. इंजिन रेल्वेच्या ताब्यात असेल तर बॉयलर रेल्वे स्वतः तपासते आणि तुम्ही लेखी परवानगीशिवाय एक नटही सोडायचा नाही. ते संस्थेच्या मालकीचं असेल तर बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक बघेल. त्यांना सुरुवातीलाच बोलवा, काम झाल्यावर नाही. निरीक्षकाला न दाखवता घातलेली वेल्डिंग ते कापायला लावतात, आणि बरोबर करतात.

देशात जिथे जिथे वाफ टिकली तिथे मागे कायमचं कारखान्याचं बळ आहे. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडलं. १८५५ साली बांधलेली आणि १९०९ साली निवृत्त झालेली फेअरी क्वीन १९९७ साली पुन्हा रुळावर आली, ती रेल्वेच्याच लोकांच्या हातून. रेवाडीचं शेड आज वाफेच्या इंजिनांसाठी ठेवलंय, कारण तिथे फिटर, खड्डा, पाणी, कोळसा, सगळं एका जागी आहे. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने जुन्या नमुन्यावर नवी वाफेची इंजिनं बांधली. मला ही वाट फार आवडते. वाफेचा आनंद हवा असेल तर नव्या इंजिनात आग पेटवा. जुन्याचे पत्रे कापून त्यात नवा बॉयलर घालायचा आणि वर "शंभर वर्षांचं इंजिन" म्हणायचं, यात मला आता थोडी लाज वाटते.

तुमच्या गावातल्या पोरांना चाकं फिरताना बघायची असतील तर एक मधला मार्ग आहे. बॉयलर बाजूला ठेवा. कॉम्प्रेसरमधून अगदी कमी दाबाची हवा दाबनियंत्रक लावून थेट स्टीम चेस्टला, म्हणजे सिलिंडरला वाफ वाटणाऱ्या पेटीला, द्या. चाकं रुळावरून इंचभर उचललेली, रॉड संथपणे पुढे-मागे, आणि पोरांना पिस्टन कसा चाक फिरवतो ते समोर दिसतं. पण दोन गोष्टी. हवा कधीही बॉयलरमध्ये भरू नका: गंजलेल्या बॉयलरमधली दाबलेली हवा वाफेइतकीच जीव घेते. आणि वाफ थोडीफार ओल घेऊन येते तशी हवा येत नाही, ती कोरडी चालते. त्यामुळे सिलिंडरला तेल सतत द्यावं लागतं, नाहीतर रिंगा आठवड्यात खरवडतील. त्याआधी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह उघडून गंज काढलेला असला पाहिजे, हे वेगळं सांगत नाही. हात जाऊ नये म्हणून भोवती जाळी लावा. तेवढीच जागा लोक नेमकी हात घालायला निवडतात.

एक काम मात्र पैशाशिवाय होतं आणि ते सगळ्यांत घाईचं आहे. तुमच्या गावात, पाचोऱ्यात, जामनेरात, चाळीसगावात, भुसावळच्या जुन्या रेल्वे वस्त्यांत अजून काही ड्रायव्हर, फायरमन, बॉयलरमेकर आहेत. कोणी ऐंशीचे, कोणी त्याच्यापुढचे. त्यांना इंजिनाजवळ खुर्ची टाकून बसवा आणि मोबाइल चालू ठेवा. "तुमचे अनुभव सांगा" असं विचारू नका. तेव्हा ते भाषण करतात. एखादा भाग हातात द्या आणि विचारा, हे कसं सोडायचं? मग बघा. मला एकदा इंजेक्टरचा एक व्हॉल्व्ह दोन दिवस सुटत नव्हता. एका काकांनी बघितलं, म्हणाले याला उलटे आटे आहेत. दोन मिनिटांत सुटला. हे कुठल्याच नकाशात नव्हतं. नळ्या पत्र्यात फुगवून घट्ट करताना हाताला केव्हा थांबायचं ते कळतं, ते तर कागदावर उतरतच नाही. शेजारी उभं राहून शिकावं लागतं.

भाग सोडायचे झाले तर प्रत्येकाला पत्र्याची पट्टी तारेने बांधा आणि तिच्यावर नंबर ठोका. कागदी चिठ्ठी डिझेलमध्ये विरघळते. सोडण्याआधी फोटो, सोडताना फोटो, सोडल्यावर फोटो. नट मूळ बोल्टावरच परत फिरवून ठेवा. जळकं ऑइल इंजिनाला फासण्याची आपल्याकडे फार हौस आहे. ते करू नका. त्यात आम्ल असतं, आणि उन्हाळ्यातली आपली धूळ त्यावर बसून ओल धरून ठेवते. रॉडांसारख्या उघड्या पोलादावर मेणाचा किंवा चांगल्या ग्रीसचा पातळ हात द्या आणि दर पावसाळ्याआधी पुसून नवा द्या.

तुम्ही फोटो पाठवलेत ते मी पाहिले. समोरून छान दिसतंय. पण उजव्या बाजूला, स्मोकबॉक्सखाली, रंगाला फोड आलेत आणि खाली खडीवर तपकिरी डाग आहे. तिथून आतलं पाणी बाहेर येतंय. जून यायला अजून दिवस आहेत. धुराड्यावर झाकण आधी बसवा. मग दार उघडून राख काढा आणि किती घमेली निघाली ते मला कळवा. आणि पुढचा फोटो समोरून नको, आतून काढा, बॅटरीचा उजेड तळावर टाकून.